वारसावास्तूंची डिजिटल मोजणी आणि त्रिमितीय मॉडेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवळं, चर्च, किल्ले, लेणी, शिल्पं, शिलालेख यांची डिजिटल नोंद करू पाहणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण चुका नेमक्या तिथेच होतात.

जुने नकाशे आहेत, ढीगभर फोटो आहेत. मग पुन्हा मोजायचं कशाला?

फोटोत वास्तू दिसते, पण त्यावर पट्टी ठेवून माप घेता येत नाही. नकाशात मापं असतात, पण ती बहुतेक वेळा कागदावरच्या वास्तूची असतात: भिंत ओळंब्यात, कोपरा काटकोनात, सगळे खांब एकसारखे. खरी भिंत मात्र वरच्या बाजूला चार बोटं बाहेर झुकलेली असते, आणि दुरुस्ती करणाऱ्याला जाणून घ्यायचं असतं ते नेमकं हे झुकणं.

ही गरज काही संगणकानं निर्माण केलेली नाही. १८५८ मध्ये आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर हा तरुण जर्मन वास्तुविशारद वेट्झलारच्या कॅथेड्रलची मापं घेताना उंचावरून पडता पडता वाचला. दर्शनी भाग फोटोवरूनच मोजता आला तर माणसाला वर चढवायला नको, हे त्याच्या मनानं घेतलं. ‘फोटोग्रॅमेट्री’ हा शब्द १८६७ मध्ये त्याच्याच लेखासोबत छापून आला आणि १८८५ मध्ये प्रशियात याच कामासाठी सरकारी संस्था सुरू झाली. तिथल्या काचेच्या प्लेटा पुढे युद्धात पडलेल्या काही इमारती पुन्हा उभारताना कामी आल्या. आज आपण करतो ते याच घराण्यातलं काम आहे.

लेसर स्कॅनिंग आणि फोटोग्रॅमेट्री यांत फरक काय?

लेसर स्कॅनर स्वतः अंतर मोजतो. तो किरण सोडतो, किरण भिंतीवर आपटून परत येतो आणि लागलेल्या वेळेवरून किंवा लहरीच्या सरकलेल्या कलेवरून (फेजवरून) अंतर काढलं जातं. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटीमीटर जातो. म्हणजे ३ मिलिमीटरचा फरक ओळखायचा तर जाण्यायेण्याचा मिळून २० पिकोसेकंदांचा फरक पकडावा लागतो. यंत्र महाग का असतं ते यावरून कळावं. चांगला स्कॅनर दर सेकंदाला लाखो बिंदू टिपतो. त्या बिंदूंच्या ढगाला बिंदुमेघ किंवा सरळ ‘पॉइंट क्लाउड’ म्हणतात.

फोटोग्रॅमेट्रीत कॅमेरा काहीच मोजत नाही. एकच जागा अनेक कोनांतून टिपलेली असली, की सॉफ्टवेअर समान खुणा जुळवून प्रत्येक फोटोच्या वेळी कॅमेरा कुठे होता ते शोधतं आणि मग त्या खुणांच्या जागा काढतं. आपले दोन डोळे खोलीचा अंदाज घेतात तोच हा हिशेब, फक्त डोळे दोनशे. यात एक मोठी उणीव आहे: निव्वळ फोटोंवरून आकार कळतो, मोठेपणा कळत नाही. तळहाताएवढी मूर्ती आणि तिची पुरुषभर उंच प्रतिकृती यांचे फोटो सॉफ्टवेअरला सारखेच. म्हणून चौकटीत माहीत लांबीची पट्टी असायलाच हवी. मी स्वतः एकदा पट्टी घरी विसरून अख्खा दिवस फोटो काढले आहेत. मॉडेल देखणं झालं होतं, पण खांब तीन मीटरचा की साडेतीन हे त्यावरून कुणालाच सांगता आलं नसतं.

मग दोन्हींपैकी घ्यायचं कोणतं?

आधी नोंद कशासाठी हवी ते ठरवा, यंत्राचं नंतर बघू. ‘सगळंच जास्तीत जास्त बारकाईनं टिपून ठेवू’ हे उत्तर ऐकायला बरं वाटतं, पण त्यातून कुणीही न उघडलेल्या फाइलींनी भरलेल्या डिस्का तेवढ्या जमतात.

कागदावरचं प्रमाण धरून विचार करायची जुनी सवय इथे उपयोगी पडते. १:५० च्या आरेखनात ०.२ मिलिमीटर जाडीची रेघ प्रत्यक्षात १ सेंटीमीटर जागा व्यापते. त्याहून बारीक मोजलेलं त्या कागदावर दिसणारच नाही. १:२० ला हीच रेघ ४ मिलिमीटरची होते. म्हणजे इमारतीचा तलविन्यास आणि छेद हवे असतील तर काही मिलिमीटरची अचूकता पुष्कळ झाली. पण कोरीवकाम दर वर्षी किती झिजतं हे पाहायचं असेल, तर मिलिमीटरच्या अंशात मोजावं लागतं आणि तिथे जमिनीवर उभा केलेला नेहमीचा स्कॅनर कामाचा नाही. जवळून काढलेले फोटो किंवा संरचित प्रकाशाचा स्कॅनर लागतो, म्हणजे वस्तूवर प्रकाशाच्या पट्ट्या टाकून त्या कशा वाकतात त्यावरून आकार काढणारा.

व्यवहारात मोठ्या इमारतीत दोन्ही वापरतात. सांगाडा लेसरनं, रंग आणि नक्षी फोटोंनी, छप्पर ड्रोननं.

मोबाइलनं होतं का?

होतं, हेतू माफक असेल तर. काही फोनमधल्या लेसर संवेदकाची पोच साधारण ५ मीटर असते आणि अचूकता सेंटीमीटरच्या घरातली. खोलीचा झटपट नकाशा, उत्खननातला एखादा चर, पडझडीची तातडीची नोंद यांना तो पुरतो. शिल्पाच्या चेहऱ्याला पुरत नाही. पण त्याच फोनच्या कॅमेऱ्यानं नीट फोटो काढून फोटोग्रॅमेट्री केली, तर निकाल पुष्कळ चांगला येतो.

फोटो काढताना नेमकं काय पाळायचं?

सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं असं दहा जण विचारतात, फोटो कसे काढावेत असं एखादाच विचारतो. बिघडलेल्या मॉडेलांपैकी बहुतेक कॅमेऱ्यातच बिघडलेली असतात.

शेजारच्या दोन फोटोंत निदान ६० टक्के भाग सामाईक हवा, ८० टक्के असला तर उत्तम. प्रत्येक ठिकाण किमान तीन फोटोंत यायला हवं. एका जागी उभं राहून मान वळवल्यासारखा कॅमेरा फिरवू नका, त्यातून खोली कळत नाही. पाय हलायला हवेत. झूम करू नका, फोकस एकदा ठरवून तसाच ठेवा, आयएसओ कमी ठेवा, भिंगाचं छिद्र एफ८ च्या आसपास. फोटो रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या मूळ स्वरूपात साठवा. ढगाळ दिवस मिळाला तर नशीब समजा, कारण ऊन सरकतं तशी सावली सरकते आणि सॉफ्टवेअरला सावलीची कडही दगडाची कड वाटते. पहिल्या फोटोत एकदा रंगपट्टी धरा.

बारकावा किती मिळेल याचा हिशेब तोंडी करता येतो. कॅमेऱ्यातल्या एका पिक्सेलचा आकार ४ मायक्रॉन, भिंगाची नाभीय लांबी ३५ मिलिमीटर आणि भिंत ३.५ मीटरवर असेल, तर अंतर त्या लांबीच्या शंभरपट झालं. म्हणून भिंतीवर एक पिक्सेल ४०० मायक्रॉनचा, म्हणजे ०.४ मिलिमीटरचा. याहून बारीक चीर हवी असेल तर जवळ जा.

आणि एक गोष्ट, जी फार उशिरा कळते. लांब भिंतीसमोरून सरळ चालत जाऊन, सगळे फोटो समांतर आणि एकाच अंतरावरून काढले, तर भिंगाच्या वक्रतेतली बारीकशी चूक साठत जाते आणि सपाट भिंत मॉडेलमध्ये किंचित फुगलेली दिसते. एरवी हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण जुन्या भिंतीला पोट आलंय का, हेच तर अभियंता शोधत असतो! म्हणून मधूनमधून तिरपे फोटो घ्या, काही जवळून, काही लांबून, आणि काही कॅमेरा उभा धरून.

नियंत्रणबिंदू लागतातच का?

नियंत्रणबिंदू म्हणजे ज्यांची जागा आधीच नेमकी मोजून ठेवली आहे अशा खुणा. एखाद्या मूर्तीला दोन-तीन मापपट्ट्या पुरतात. इमारतीला मात्र लागतात. स्कॅनर दहा ठिकाणी ठेवला तर दहा स्वतंत्र बिंदुमेघ मिळतात आणि ते एकमेकांना जोडताना प्रत्येक सांध्यावर थोडी चूक येते. लांबच लांब ओवरीत हे टोक ते टोक जोडत गेलं, की शेवटच्या खांबाजवळ ती चूक दिसायला लागते. टोटल स्टेशननं (कोन आणि अंतर मोजणाऱ्या सर्वेक्षणाच्या यंत्रानं) आधी मोजलेले बिंदू या साखळीला जागोजागी खिळे ठोकल्यासारखे धरून ठेवतात. शक्य असेल तिथे फिरून सुरुवातीच्या जागी या आणि साखळी बंद करा.

सगळे बिंदू जुळणीत वापरून टाकू नका. चार-पाच बाजूला ठेवा आणि मॉडेल पूर्ण झाल्यावर त्यांच्यावर ते तपासा. सॉफ्टवेअर जी ‘चूक २ मिलिमीटर’ दाखवतं ती त्यानं स्वतःच स्वतःला दिलेली गुणपत्रिका असते. बाजूला ठेवलेले बिंदू हे बाहेरचे परीक्षक.

खुणेचे कागद थेट दगडावर, गिलाव्यावर किंवा रंगावर चिकटवू नका. चिकटपट्टीसोबत चित्राचा कपचा निघून आला, तर त्या नोंदीला काय अर्थ राहिला? तिपाईवर लावा, फरशीवर वजनाखाली ठेवा, नाहीतर दगडातलीच एखादी ठळक कड निवडा.

अचूकता आणि बारकावा एकच ना?

नाही. दर मिलिमीटरला एक बिंदू टिपला हा बारकावा. तो बिंदू खऱ्या जागेपासून किती दूर आहे ही अचूकता. अतिशय दाट आणि अतिशय चुकीचा बिंदुमेघ अगदी सहज तयार होतो.

कुठले पृष्ठभाग दगा देतात?

काच, पाणी, आरसेकाम, सोन्याचा मुलामा, गुळगुळीत काळा दगड. किरण एक तर पार जातो, नाहीतर भलतीकडे उसळतो, नाहीतर परतच येत नाही. नुकतीच चुना दिलेली कोरी भिंत लेसरला चालते, पण फोटोग्रॅमेट्रीला तिथे जुळवायला खूणच सापडत नाही. झाडोरा वाऱ्यानं हलतो, त्यामुळे दोघांनाही त्रास. वस्तूच्या कडेवर किरण अर्धा पुढच्या आणि अर्धा मागच्या पृष्ठभागावर पडतो आणि मधल्या हवेत भुतासारखे बिंदू उमटतात. ते हातानं साफ करावे लागतात.

संगमरवर दिसायला सोपा, पण तोही फसवतो. प्रकाश त्याच्या स्फटिकांत थोडा आत शिरतो आणि मग परततो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटानं १९९८-९९ मध्ये फ्लॉरेन्समध्ये मायकलअँजेलोचा ५.१७ मीटर उंचीचा डेव्हिड स्कॅन केला, तेव्हा हे प्रकर्षानं जाणवलं होतं. पाव मिलिमीटरच्या बारकाव्यानं केलेल्या त्या कामातून सुमारे २ अब्ज बहुभुज आणि ७००० रंगीत फोटो जमले. आज तेवढी माहिती चांगला संगणक सांभाळतो, तेव्हा ती उघडणं हेच एक संशोधन होतं.

झिजलेला शिलालेख वाचायचा आहे. स्कॅन करू?

थांबा. आधी संध्याकाळी टॉर्च घेऊन जा, दगडाला जवळजवळ चिकटून बाजूनं प्रकाश टाका आणि बघा. निम्मी अक्षरं तिथेच उठून दिसतील.

याच युक्तीची शिस्तशीर आवृत्ती म्हणजे आरटीआय, अर्थात ‘रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग’. टॉम माल्झबेंडर आणि सहकाऱ्यांनी ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत केलेलं याच्या मुळाशी असलेलं काम २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. यात कॅमेरा तिपाईवर अजिबात न हलता उभा राहतो आणि प्रकाश मात्र दर वेळी वेगळ्या बाजूनं येतो, साधारण चाळीस-पन्नास वेळा. शेजारी एक चकचकीत काळी गोळी ठेवतात. तिच्यावरच्या चमकेवरून संगणकाला प्रकाशाची दिशा कळते. दिव्याचं अंतर प्रत्येक वेळी सारखं राहावं म्हणून दिव्याला दोरा बांधतात. एवढ्या आधुनिक तंत्रात दोरा बघून नवखे हसतात, पण त्याला पर्याय नाही. नंतर पडद्यावर माउस फिरवून हवा तिथून उजेड पाडता येतो आणि रंग काढून टाकून निव्वळ उंचसखलपणा पाहता येतो. अँटिकिथेराच्या बुडालेल्या जहाजातून मिळालेल्या प्राचीन ग्रीक यंत्राच्या तुकड्यांवर २००५ मध्ये हे तंत्र आणि एक्स-रे टोमोग्राफी दोन्ही वापरली गेली. गंजलेल्या तुकड्यांवरचा आणि आतला, तोवर न वाचलेला बराच मजकूर त्यातून वाचता आला.

एवढं ध्यानात ठेवा, की आरटीआयमधून त्रिमितीय मॉडेल मिळत नाही. त्याच्यावरून अक्षराची खोली मोजायला जाऊ नका.

जंगलाखालचं, जमिनीखालचं दिसतं का?

जंगलाखालचं दिसतं. विमानातून सोडलेल्या किरणांपैकी बहुतेक पानांवर अडकतात, थोडे फटींतून जमिनीपर्यंत पोचतात. वरचे बिंदू गाळून टाकले की जमीन उरते आणि तिच्यावर पायऱ्या, बांध, रस्ते दिसू लागतात. २००९ मध्ये बेलीझमधल्या काराकोल या माया शहरावर सुमारे २०० चौरस किलोमीटरचं असं सर्वेक्षण मोजक्या दिवसांत झालं. त्याआधी तिथे पायी फिरून नोंदी करण्यात पंचवीस वर्षं गेली होती. २०१२ मध्ये अंगकोर परिसरात हेलिकॉप्टरमधून हेच केलं गेलं.

जमिनीच्या आतलं मात्र लेसरला दिसत नाही. पुरलेल्या पायासाठी भूवेधी रडार किंवा चुंबकीय मोजणी लागते, ते वेगळं शास्त्र आहे.

ड्रोन वापरावा का?

छपरं, शिखरं, घुमट यांना दुसरा सोयीचा मार्ग नाही. लेखी परवानगी आधी काढा. मनोऱ्यांच्या मधल्या बोळात वारा अचानक फिरतो आणि उंच भिंतीजवळ उपग्रहाचा संकेत तुटतो. तिथे ड्रोन स्वतःच्या मर्जीनं चालतो, म्हणून अनुभवी माणूस हवा. घरट्यांचा हंगाम टाळा.

बिंदुमेघ, जाळी आणि एचबीआयएम यांत फरक काय?

बिंदुमेघ म्हणजे मोजलेलं. जाळी म्हणजे बिंदूंच्या मध्ये त्रिकोण भरून केलेला पृष्ठभाग, आणि त्रिकोण भरताना सॉफ्टवेअर थोडी कल्पना करतं. जिथे काहीच टिपलं गेलं नाही तिथलं भोक ते बुजवून टाकतं आणि बुजवलेला भाग उरलेल्याइतकाच खरा दिसतो. अशी ठिकाणं वेगळ्या रंगात ठेवा, नाहीतर भोक भोकच राहू द्या.

एचबीआयएम म्हणजे वारसावास्तूचं माहितीनं भरलेलं संगणकीय मॉडेल (हेरिटेज बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग). त्यात भिंत, कमान, तुळई हे वेगवेगळे घटक असतात आणि प्रत्येकाला साहित्य, काळ, दुरुस्ती यांची माहिती चिकटवता येते. देखभालीसाठी ते फार सोयीचं. पण ही सॉफ्टवेअरं मुळात नव्या इमारतींसाठी घडवलेली असल्यामुळे त्यांना सरळ भिंत आवडते. वाकडी भिंत सरळ करून टाकायची आणि सगळे खांब एकाच खांबाच्या नकला करायचे, हा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. मॉडेल बिंदुमेघापासून कुठे किती हटलं आहे, याचा रंगीत नकाशा सोबत नसेल तर असं मॉडेल मी स्वीकारत नाही.

अलीकडे फोटोंवरून संगणकाला दृश्य शिकवणाऱ्या न्यूरल पद्धती आणि २०२३ पासून गाजत असलेलं, दृश्य असंख्य धूसर ठिपक्यांतून उभं करणारं गॉशियन स्प्लॅटिंग यांतून डोळे दिपवणारी दृश्यं मिळतात. दाखवायला जरूर वापरा. मोजायला नको.

नोत्र-दाम स्कॅनवरूनच पुन्हा बांधलं ना?

अर्धं खरं. कलाइतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी २०१० मध्ये पॅरिसच्या या कॅथेड्रलचं लेसर स्कॅनिंग केलं होतं. ५० हून अधिक ठिकाणी स्कॅनर लावून सुमारे एक अब्ज बिंदू जमले. १५ एप्रिल २०१९ ला आग लागली तेव्हा टॅलन हयात नव्हते, पण त्यांची नोंद मागे होती. आगीनंतर नव्यानं स्कॅनिंग झालं आणि आधीच्या-नंतरच्या नोंदींची तुलना करता आली.

पण जळालेला लाकडी सांगाडा उभा करायला तेवढं पुरेसं नव्हतं. स्कॅनमध्ये तुळईचा बाहेरचा आकार येतो. खाचा आत कशा बसवल्या आहेत, सुताराच्या खुणा काय सांगतात, हे तिथे जाऊन लाकडाला हात लावणाऱ्यालाच कळतं. दोन वास्तुविशारदांनी २०१४ मध्ये त्या सांगाड्याची तपशीलवार मोजणी करून आरेखनं केली होती. तीही तितकीच मोलाची ठरली. डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल पुन्हा उघडलं. आणि हो, एका व्हिडिओ गेममधल्या मॉडेलवरून ते बांधलं ही निव्वळ वावडी. ते मॉडेल खेळासाठी, कलाकाराच्या नजरेनं केलेलं होतं.

जे आधीच नष्ट झालं आहे, त्याचं मॉडेल जुन्या फोटोंवरून करता येतं?

फोटो कसे आहेत त्यावर अवलंबून आहे. मार्च २००१ मध्ये उद्ध्वस्त केलेल्या बामियानच्या मोठ्या बुद्धमूर्तीचं मॉडेल झुरिकच्या ईटीएच संस्थेतल्या गटानं केलं. पर्यटकांच्या फोटोंवरून आकार आला, पण वस्त्राच्या चुण्यांसारखे बारकावे मिळवायला १९७० मध्ये मोजणीच्या खास कॅमेऱ्यानं काढलेले मोजके फोटोच कामी आले. कुणीतरी तीस वर्षं आधी कंटाळवाणं काम नीट केलं होतं, त्याचं हे फळ.

अशा मॉडेलमध्ये पुराव्यावरचं किती आणि अंदाजाचं किती, हे दिसलंच पाहिजे. वारशाच्या संगणकीय दृश्यांसाठी २००६ मध्ये आकाराला आलेल्या लंडन चार्टर या तत्त्वसंहितेचा रोख नेमका यावरच आहे.

फाइली कशा जपायच्या?

दगडावरची अक्षरं दोन हजार वर्षं वाचता येतात. बीबीसीनं १९८६ मध्ये ब्रिटनचं जनजीवन लेसर डिस्कवर साठवलं, आणि पंधरा-सोळा वर्षांत त्या डिस्का वाचणारी यंत्रंच दुर्मीळ झाली. ती माहिती सोडवायला वेगळा प्रकल्प करावा लागला.

म्हणून स्कॅनर कंपनीचं स्वतःचं स्वरूप ठेवा, पण सोबत ई५७ या खुल्या स्वरूपातही काढून ठेवा. जाळी पीएलवाय किंवा ओबीजेमध्ये, फोटो टिफ किंवा डीएनजीमध्ये. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावी. जागा कमी पडली तर आधी चकचकीत मॉडेल पुसा. मूळ फोटो आणि मूळ स्कॅन असतील तर मॉडेल उद्याच्या सॉफ्टवेअरनं आजच्यापेक्षा चांगलं होईल. उलटं करता येत नाही.

आणि एक साधी मजकुराची फाइल लिहा: कधी मोजलं, कोणत्या यंत्रानं, नियंत्रणबिंदू कुठे होते, काय टिपता आलं नाही आणि का. ही फाइल लिहायचा सगळ्यांना कंटाळा येतो. दहा वर्षांनी सगळे आधी तीच शोधतात.

मॉडेल कुणाच्या मालकीचं? खुलं करावं का?

कायदा देशागणिक वेगळा. त्याच्या पलीकडचे प्रश्न जास्त अवघड. गाभाऱ्यात ज्यांना प्रवेश नाही त्यांना तो पडद्यावर दाखवायचा का, हे स्कॅनर ठरवत नाही, तिथली माणसं ठरवतात. २०१९ ची केअर तत्त्वं मूळनिवासी समाजांच्या माहितीवर त्यांचाच अधिकार मानतात. दुसऱ्या बाजूला, सार्वजनिक पैशानं केलेले स्कॅन दडवून ठेवणंही पटत नाही. बर्लिनमधल्या नेफरतितीच्या पुतळ्याचा अधिकृत स्कॅन लोकांसमोर यायला एका कलाकाराला वर्षानुवर्षं पाठपुरावा करावा लागला. तो २०१९ मध्ये आला.

राखण नसलेल्या जागांचे नेमके अक्षांश-रेखांश मात्र मॉडेलसोबत टाकू नका. चोरही नकाशे वाचतात.

एका कॅमेऱ्यावर एकट्यानं सुरुवात कुठून करू?

हातात मावेल अशा पेटीएवढा कोरीव दगड निवडा. दोन पट्ट्या ठेवा, ऐंशी-शंभर फोटो काढा, मॉडेल करा. एकाच पट्टीवरून माप द्या आणि दुसरी पट्टी मॉडेलमध्ये किती भरते ते बघा. पुढच्या आठवड्यात त्याच दगडाचं मॉडेल पुन्हा शून्यापासून करा, शक्य झालं तर दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, आणि दोन्ही एकावर एक ठेवा. त्यांच्यात जे अंतर निघेल ती तुमची आजची अचूकता. सॉफ्टवेअरच्या अहवालात कितीही छापलेलं असो.